जीभ काढणारा प्लेअर

आमच्या घरातला सीडी प्लेअर रोज दुपारी दोन वाजता जीभ काढायचा. बटण दाबलं की त्याचा खण सरकत बाहेर येतो, त्याला माझी मुलगी प्रांजल जीभ म्हणते. ती अडीच वर्षांची आहे. तीही मग त्याला जीभ काढून दाखवायची, आणि ही ओळखपाळख झाली की त्या जिभेवर दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तशी, सीडी ठेवायची. माझे सासरे तिचं बोट धरून बटण दाबायचे. जीभ आत. मग अॅम्प्लिफायरचा हिरवा दिवा, कोपऱ्यातले दोन लाकडी स्पीकर, आणि त्यातून आधी एक माणूस खोकायचा, मग जनरेटरची घरघर, मग पखवाज.

ती सीडी आमच्या गावच्या जत्रेतल्या डबलबारीची. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसून रात्रभर एकमेकांना भजनातून सवाल-जवाब करतात ती. गावातल्या कोणीतरी देवळाच्या मंडपात बसून ती टिपली आणि सीड्या करून मुंबईकरांना वाटल्या. त्यात झांजा अशा वाजतात की नवख्या माणसाला वाटावं, भांड्यांचं कपाट कलंडलं. प्रांजलला त्यात झोप लागते. आजोबांच्या पोटाशी टेकून, अकराव्या मिनिटाला. दुसरे बुवा पहिल्या बुवांचा पाणउतारा करायला लागतात तिथे तिचे डोळे मिटतात. पाणउतारा ऐकून आजोबाही झोपतात.

आणि मग सव्वादोन ते सव्वातीन हा तास माझा.

त्या तासात मी काय करते हे कोणी विचारू नये. कधी चहा गरम असताना पिते. कधी वहीत चार ओळी लिहिते. कधी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं वाळवण बघत बसते. त्या बाई चादरी किती चापून पिळतात, हे मला माझ्या बहिणीच्या तब्येतीपेक्षा जास्त माहीत आहे. एकदा तर पूर्ण तास मी नखं कापली. बाकीचे तेवीस तास मी कुठे असते ते घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. या एका तासाचा कोणालाच पत्ता नव्हता, आणि तेच मला आवडायचं.

त्या सोमवारी जीभ आत गेली आणि प्लेअरच्या काचेवर अक्षरं उमटली, ‘नो डिस्क’. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जीभ बाहेर काढली, सीडी लुगड्याच्या तुकड्याने पुसली, परत घातली. नो डिस्क. सात वेळा झालं. आठव्या वेळी प्रांजलने भोकाड पसरलं. सव्वातीनला ती रडत होती, चारला नाचत होती, आणि संध्याकाळी पोळी तोंडात असताना झोपली. मी त्या दिवशी खिडकीकडे पाठ करूनच होते.

आता खरं म्हणजे गोष्ट साधी होती. प्लेअर बिघडला, दुसरा आणायचा. पण आमच्याकडे साधी गोष्ट करायची तर आधी ‘कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि इथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. माझा नवरा सौरभ म्हणाला, आवाजाच्या क्वालिटीसाठी चांगला प्लेअर हवाच. सासरे म्हणाले, गावचा आवाज घरात नको काय? मी म्हणाले, प्रांजलच्या झोपेसाठी. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ‘मला तासभर रिकामं बसायचंय, म्हणून एक यंत्र आणा’ असं वाक्य दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत अजून तरी कोणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. सौरभ रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला जातो तेव्हा त्याला कारण लागत नाही. क्रिकेट हेच कारण. माझ्या तासात काहीच घडत नसल्याने त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसलेली गोष्ट मागायची कशी?

सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, काहीच म्हणाल्या नाहीत. त्या कशातच काही म्हणत नाहीत. त्यांच्या हातात नेहमी निवडायचं, सोलायचं किंवा पुसायचं काहीतरी असतं, आणि डोकं त्यात असतं असं आम्ही सगळे धरून चालतो.

मी झोपेचं कारण दिल्यामुळे उपायही झोपेचेच आले. जायफळ आलं. झोळी आली, प्रांजलने तिच्यात बाहुली झोपवली आणि आम्हाला गप्प बसवलं. तळमजल्यावरच्या एकींनी सांगितलं, मुलीला रिक्षातून फिरवून आणा. फिरवून आणलं. रिक्षात मला झोप लागली. सौरभने फोनवर तीच डबलबारी शोधली. आमच्या गावची नव्हती, पण दुसऱ्या शंभर होत्या. त्यातली एक लावून फोन उशाशी ठेवला. पण प्रांजलच्या लेखी फोनमध्ये हत्ती राहतो. ती हत्ती मागू लागली. हत्ती नाही म्हटल्यावर ती जी बसली ती उठेचना, आणि बुवांचा आलाप चढत असताना मध्येच एक गोड आवाजाची मुलगी आम्हाला कर्ज देऊ करायला आली. बाबा फोनकडे बघत म्हणाले, “ह्येका एकच काम धड करूक नाय येणा.” मला वाटतं, यंत्रांबद्दल इतकं शहाणं वाक्य मी अलीकडे ऐकलेलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरून चंद्रप्रकाशकाका उतरले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि कानाने फार श्रीमंत. त्यांच्या मते साधी माणसं गाणं ऐकत नाहीत, नुसती त्याच्या आसपास वावरतात. त्यांनी सोफ्यावर बसून आम्हाला तासभर समजावलं की प्लेअरमध्ये आकड्यांचा आवाज कसा होतो, स्वस्त प्लेअर तो थंड कसा करतात, आणि आपल्याला गरम आवाज कसा हवा. मी मान डोलावत होते. माझा चहा गरम राहिला असता तरी माझं पुष्कळ झालं असतं. शेवटी त्यांनी कापसाला कसलासा द्रव लावून प्लेअरचं भिंग पुसलं, “आता बघा” म्हणत सीडी घातली आणि बटण दाबलं. जीभ आत गेली, ती गेलीच. काचेवर पुन्हा तेच, ‘नो डिस्क’. काका दोन पावलं मागे सरून म्हणाले, “संपला.” डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसं. घरात सगळ्यांनी क्षणभर मान खाली घातली, आणि तिथून पुढे चर्चा फक्त नव्या प्लेअरची सुरू झाली.

नवा सीडी प्लेअर घेणं आता किती कठीण आहे हे ज्याने घेतला नाही त्याला कळणार नाही. सौरभने ऑनलाइन एक मागवला. डब्यातून निघालेलं यंत्र चपटं, गोल होतं आणि त्याचं झाकण वर उघडत होतं. प्रांजलने ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “जीभ नाय,” ती म्हणाली. “डोकं.” परत पाठवायचं ठरलं. परत पाठवताना कारण विचारतात. वस्तू तुटकी आहे, वस्तू दुसरीच आहे, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, एवढेच पर्याय होते. सौरभ फोन हातात घेऊन बराच वेळ विचार करत बसला आणि मग त्याने ‘इतर’ दाबलं. न्यायला येणारा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा गेटवरच्या नोंदीत आमचा मजला चुकला आणि एकदा आम्ही त्याच्याचसाठी खाली उभे होतो.

त्या शनिवारी चंद्रप्रकाशकाकांनी आम्हाला जुहूच्या एका दुकानात नेलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दुकानात गालिचा होता, एसी होता, आणि विक्रेता कुजबुजत बोलत होता. त्यामुळे आम्हीही कुजबुजायला लागलो. बाबांनी चपला बाहेर काढल्या. विक्रेत्याने आम्हाला बसवून एक प्लेअर दाखवला, त्याला खणच नव्हता. समोर नुसती एक बारीक फट. सीडी फटीपाशी नेली की तो ती हळूच ओढून घ्यायचा. काकांचे डोळे पाणावले. प्रांजल मात्र त्या फटीसमोर जीभ काढून उभी राहिली. पलीकडून काही उत्तर येईना. मग तिच्या मनात आलं असणार की बिचारा उपाशी आहे. तिने हातातला ग्लुकोज बिस्किटाचा अर्धा तुकडा फटीत घालायला घेतला. विक्रेता ओरडला. त्या दुकानात तेवढा मोठा आवाज कुठल्याच स्पीकरने कधी काढला नसेल. बिस्किट वाचलं, प्लेअरही वाचला, आम्ही चपला घालून बाहेर पडलो. वाटेत काका म्हणाले, “आवाज बाकी गरम होता.”

एव्हाना दोन आठवडे होत आले होते. माझी चिडचिड वाढली होती. डाळीत मीठ दोनदा पडलं, सौरभच्या शर्टाच्या खिशावर इस्त्रीचा डाग पडला, आणि एका दुपारी प्रांजलने सांडलेल्या पाण्यावरून मी तिला असं काही बोलले की तिचा ओठ खाली वळला. मग मी तिला घेऊन बसले आणि आम्ही दोघी रडलो. ती थांबली तरी मी थांबेना. तिने फ्रॉकच्या टोकाने माझं नाक पुसलं. त्या दिवशी मला कळलं, की तास गेला तो फक्त माझाच गेला नव्हता. त्या तासातून उठलेली जी आई तिला मिळायची, तीही गेली होती.

शेवटी सौरभच्या ऑफिसातल्या कोणीतरी घाटकोपरचा पत्ता दिला. तिथे एका गल्लीत कुंडलिक म्हणून एक कारागीर जुनी यंत्रं दुरुस्त करून विकतो. रविवारी जायचं ठरलं. योगायोगाने त्याच रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करायची मोहीम होती. जुना प्लेअर देऊन टाकावा, नव्याला जागा होईल, असं सौरभ म्हणाला.

इथे मला थोडं थांबून सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव धाकू घाडी. गावाकडे घाडी म्हणजे देवळात उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा. मुंबईत त्यांनी गिरणीत यंत्रं सांभाळली. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की काय होतं? यंत्रालाही देवासारखं वागवलं जातं. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांचं यंत्र कोणी हळदकुंकूसुद्धा न लावता भंगारात ओढत नेलं, हे ते अजून विसरलेले नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं, प्लेअर असाच जाणार नाही. त्याची उत्तरपूजा होईल.

झाली. कुंकू, जास्वंदीचं फूल, आणि वाटेसाठी दही-साखर. दही आत गळू नये म्हणून आईंनी न सांगता खाली केळीचं पान घातलं. बाबांनी हात जोडले, अक्षता टाकल्या, आणि गणपती हलवतात तसा प्लेअर जागेवरून दोन बोटं सरकवला. “झाला,” ते म्हणाले. “आता ह्यो परत घरात येवचो नाय.” सौरभ तो खाली सोसायटीच्या ऑफिसात देऊन आला, शिक्का मारलेली पावती घेऊन.

घाटकोपरचं दुकान म्हणजे एक खोली आणि छतापर्यंत डेक, प्लेअर, रेडिओ. कुंडलिक पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता. “काय ऐकता?”

“डबलबारी,” बाबा म्हणाले.

“मग झांजेवर फाटणारा नको.”

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मुलगी द्यायची असती तर तिथेच दिली असती. मी मात्र धीर गोळा करत होते. शेवटी विचारून टाकलं, की दादा, याची जीभ, म्हणजे खण, बाहेर येतो ना? तो हसला नाही. त्याने फळीवरच्या पाच प्लेअरना वीज दिली आणि एकामागून एक बटणं दाबली. पाच जिभा बाहेर आल्या. प्रांजलने पाचही जणांना जीभ काढून दाखवली. पाचव्याची जीभ बाहेर येताना जरा थरथरत होती, त्याला ती खदखदून हसली. तोच घेतला. निवडीसाठी याहून काटेकोर परीक्षा मला तरी सुचत नाही.

निघताना कुंडलिकने विचारलं, “जुना कुठाय? आणला असतात तर बघितला असता.”

“दिला,” सौरभ म्हणाला.

“बरं,” तो म्हणाला, पण बऱ्याच वेळाने.

दुपारी घरी पोचलो. नवा प्लेअर जागेवर बसला, वायरी जोडल्या, काका हजर झाले. बाबांनी डोक्यावर टोपी घातली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात जां काय नवीन यंत्र इला हा, तेका कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती दूर कर रे म्हाराजा.” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा.” काका मूळचे जळगावकडचे, त्यांचं ‘व्हय म्हाराजा’ एक श्वास उशिरा येत होतं, पण मनापासून. “आणि ह्या पोराक दुपारची निजव रे म्हाराजा.” “व्हय म्हाराजा.” यातलं माझं जरा मोठ्याने निघालं.

बटण दाबलं. थरथरती जीभ बाहेर आली. प्रांजलने दोन्ही हात पुढे केले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “शीडी?”

मी डबीकडे बघितलं. डबी रिकामी. सौरभने माझ्याकडे बघितलं. बाबांनी काकांकडे. आणि काकांनी, कापूस आणि द्रव घेऊन आलेल्या त्या दुपारची आठवण होऊन, भिंतीकडे.

सीडी जुन्या प्लेअरच्या पोटात होती. आम्ही तिच्यासकट त्याची उत्तरपूजा केली होती.

सगळं घर खाली ऑफिसात. आईंनीही हातातली मेथी ठेवली आणि प्रांजलला कडेवर घेऊन आल्या. सेक्रेटरी नलिनीमॅडम कुलूप लावायच्या बेतात होत्या. या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सौरभने पावती पुढे केली. त्यांनी ती वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. दिलेली वस्तू परत घ्यायची तरतूद नाही, त्या म्हणाल्या. सामान बाहेर नेण्याचा फॉर्म आहे. सौरभ म्हणाला, बाहेर नाही, वर न्यायचंय. वर म्हणजे आत, मॅडम म्हणाल्या, आणि आतला फॉर्म नाही. विषय समितीपुढे ठेवता येईल. समिती दुसऱ्या शनिवारी बसते. वस्तू न्यायला गाडी उद्या सकाळी आठला येणार होती.

सौरभने मग सांगितलं की आम्हाला प्लेअर नकोच आहे, फक्त आतली सीडी हवी आहे.

“पावतीत ‘प्लेअर, एक’ असं आहे,” मॅडम म्हणाल्या. “सीडी तुम्ही दिलेलीच नाही. मग परत काय मागताय?”

या युक्तिवादाला काकांनीही मान डोलावली. त्याला एक प्रकारचं सौंदर्य होतं.

शेवटी मॅडमनी एक कोरा कागद काढला, त्यावर रेघ मारली आणि लिहिलं, ‘कारण’. सौरभ म्हणाला, दुर्मीळ ध्वनिमुद्रण आहे. त्यांनी लिहिलं नाही. बाबा म्हणाले, देवाचं भजन आहे. देवाचं कारण दिलं तर उद्या प्रत्येक सभासद तेच देईल, त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मुलगी त्याच्याशिवाय झोपत नाही.

“मुलं झोपतात,” मॅडम म्हणाल्या. “उशिरा का होईना.”

पेन कागदावर टेकलेलं होतं. मला एकदम वाटलं, आता जर हा कागद कोरा राहिला तर तो कायमचाच कोरा राहील. आणि मी बोलून गेले.

“मॅडम, ती झोपली की मला एक तास मिळतो. दुपारचा. तो हवाय.”

“कशासाठी?”

“कशासाठीच नाही. नुसता.”

माझे कान तापले. सौरभ माझ्याकडे असा बघत होता, जसं मी त्याला न सांगता दुसरीकडे भाड्याने खोली घेतली होती. बाबांनी नजर पंख्याकडे नेली. आईंनी प्रांजलला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

नलिनीमॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग वळणदार अक्षरात लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं, “घरगुती, व आवश्यक.” सही केली, शिक्का मारला, आणि कपाटाची किल्ली काढताना कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “माझा झोपायचाच नाही. आता एकतीसचा आहे.”

प्लेअर मिळाला. वर आणला. पण दारात बाबा आडवे. उत्तरपूजा झालेली वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. सौरभ म्हणाला, पाच मिनिटांसाठी, बाबा. बाबा म्हणाले, गणपती पाच मिनटांसाठी परत हाडतंस? मग जिन्यातच वर्तमानपत्र पसरलं, मी कुंडलिकला फोन लावून स्पीकरवर ठेवला, आणि बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मांडी घालून बसले. वरखाली जाणारे शेजारी प्लेअरवरचं कुंकू बघून जरा वाकून नमस्कार करून जात होते.

“झाकण निघालं? डाव्या हाताला पांढरं चाक असेल,” फोनमधून कुंडलिक म्हणाला. “त्याच्यावर रबरी पट्टा.”

“पट्टो ढिलो पडलोहा,” बाबा म्हणाले. “हातात येता.”

“चाक बोटाने फिरवा. सावकाश.”

बाबांनी बोट लावलं. वर्षानुवर्षं पट्टे आणि चाकं सांभाळलेलं बोट ते. बाबांचा चेहराच निराळा झाला. जीभ तसू तसू बाहेर आली आणि तिच्यावर आमची सीडी, धड.

आम्ही सुस्कारा सोडतोय तोवर कुंडलिक म्हणाला, “एवढंच होतं त्याला. पट्टा ढिला पडला की खण पूर्ण मिटत नाही, मग सीडी वाचत नाही. बांगडीएवढा पट्टा बदलला की अजून दहा वर्षं चालेल.”

सौरभने आशेने बाबांकडे पाहिलं. बाबांनी प्लेअरकडे पाहिलं. त्यांना किती वाईट वाटत होतं ते दिसत होतं, पण नियम तो नियम. “पूजा झाली,” ते हळूच म्हणाले.

यातून मार्ग काढला तो चंद्रप्रकाशकाकांनी. उत्तरपूजा तुमच्या घरातून झाली, ते म्हणाले, माझ्या घरातून नाही. यावर बाबांनी बराच विचार केला आणि धर्मदृष्ट्या हरकत नसल्याचं सांगितलं. काका जुना प्लेअर उराशी धरून तिसऱ्या मजल्यावर गेले. थंड आवाजाचा, स्वस्तातला, कुंकवासकट.

रात्री सौरभ मला म्हणाला, “आधी सांगायचंस ना.” मी म्हणाले, सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, त्या तासात काय करतेस. तो विचारायच्या बेतात होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं. मग तो उठून पाण्याच्या बाटल्या भरायला गेला. हेही काही कमी नाही.

सोमवारी दुपारी दोन वाजता सगळं यथासांग झालं. माणूस खोकला, जनरेटर घरघरला, दुसऱ्या बुवांनी पहिल्यांचा पाणउतारा आरंभला, आणि अकराव्या मिनिटाला घर शांत झालं. मी चहा घेऊन खिडकीपाशी बसले. तीन आठवड्यांनी मिळालेला तास. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. मी पहिला घोट घेतला, तो जिभेला चटका देण्याइतका गरम होता.

मागे पावलं वाजली. आई उभ्या होत्या. या वेळी त्या कुठे असतात हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता आठवलं, की रोज या तासाला स्वयंपाकघरातून कसला म्हणजे कसलाच आवाज येत नसे. भांडं वाजलं तर मुलगी उठेल, म्हणून त्या ओट्याशी उभ्याने भाजी निवडत असायच्या. आज त्यांच्या हातात मेथी नव्हती, फडकं नव्हतं. त्यांचे हात कुठे ठेवायचे ते त्यांनाच कळत नव्हतं.

“श्रुतिका,” त्या म्हणाल्या, “तुझ्या तासात मी जरा बसलंय, तर चलात?”

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं, की अर्धाच उरला. मग मी उठून दुसरी खुर्ची ओढली, आवाज न करता, उचलून. त्या टेकल्या, पण काठावर, हाक आली तर उठता यावं अशा. गच्चीवर एक चादर वाऱ्याने दोरीवर गुंडाळली गेली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “किती रवला अजून?”

मी घड्याळ बघितलं. “अडतीस मिनिटं.”

“अडतीस,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या.